रोजा, शुक्र आणि साखर

रमजानच्या महिन्यात दवाखान्याचे वेळापत्रक माझ्या हातात राहत नाही. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या तासात एकही मुसलमान पेशंट येत नाही आणि आठनंतर सगळे एकदम येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, कारण दिवसाचे पाच-सहा कप चहा एकाएकी बंद झालेले असतात. दुसऱ्या आठवड्यात छातीत जळजळ, कारण इफ्तारला भजी आणि सामोसे. तिसऱ्या आठवड्यात बद्धकोष्ठ. यांवरचे उपाय बहुतेकांना ठाऊक आहेत आणि ठाऊक असून कोणी करत नाही, हेही मला ठाऊक आहे. आज लिहायचे आहे ते आमच्या कोलशेतमधल्या एका कुटुंबाच्या चांगल्या सवयीबद्दल. तिच्याच निमित्ताने आपल्या सर्वांच्या, मग धर्म कोणताही असो, दुसऱ्या एका सवयीबद्दलही लिहीन. ही दुसरी सवय मात्र मला घातक वाटते.

ज्या वाचकांनी कोलशेत पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ठाणे शहराच्या उत्तरेला, खाडीच्या कडेला असलेले हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. शेजारी हवाई दलाचे केंद्र. मी दवाखाना उघडला तेव्हा या रस्त्याला रासायनिक कारखाने होते. सँडोझ कंपनी होती, तिचे पुढे क्लॅरियंट झाले. आता त्या पट्ट्यात मान वर करून पाहावे लागेल अशा इमारती उभ्या आहेत. कारखान्यांच्या नोकरीसाठी त्या काळी कोकणातून पुष्कळ माणसे आली. मी ज्या कुटुंबाबद्दल लिहितो आहे तेही तसेच, मूळचे खेड तालुक्यातले. कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणी, मुलगा मराठी शाळेत शिकलेला, नातवंडे अर्थातच इंग्रजी शाळेत. त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

या घरात एक रिवाज आहे. रमजानात रोज संध्याकाळी, मगरीबच्या अजानला दहा मिनिटे उरली की सगळे दस्तरखानाभोवती बसतात. पुढ्यात खजूर, पाणी, कापलेली फळे. खायचे अजून काही नाही. या दहा मिनिटांत प्रत्येकाने त्या दिवसाचा एक शुक्र सांगायचा. (मराठीत शुक्र म्हटले की आपल्याला ग्रह आठवतो. इथे शुक्र म्हणजे आभार, कृतज्ञता.) नियम तीन. गोष्ट आजचीच हवी, कालची चालणार नाही. एकदा सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. आणि त्या गोष्टीत कोणा माणसाचा हात असेल, तर देवाबरोबर त्या माणसाचेही नाव घ्यायचे.

हा रिवाज आजोबांनी सुरू केला. ते कारखान्यात पाळीवर जात, चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा हेतू धार्मिक होता की उपाशी पोरांची भांडणे दहा मिनिटे थोपवण्याचा होता, हे त्यांच्या पत्नीलाही नक्की सांगता येत नाही. डॉक्टर म्हणून मला दुसरा हेतूही तितकाच पटतो. सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा संध्याकाळपर्यंत बराच उतरलेला असतो आणि शरीर चरबी वापरू लागलेले असते. निरोगी माणसाच्या रक्तातली साखर तरीही ठीक राहते, पण पाण्याची ओढ, झोपेची तूट आणि चहा-तंबाखूची तलफ यांमुळे शेवटच्या तासात डोके तापते. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सहाला गाडी चालवणाऱ्याचे डोके रोजा नसतानाही तापते, ती गोष्ट निराळी.

त्यांचे शुक्र ऐकण्यासारखे असतात. नातवाचा एक : रिक्षावाल्या काकांनी पाऊण मिनिट वाट पाहिली म्हणून शाळा चुकली नाही. त्याने पाऊण मिनिट कसे मोजले, देव जाणे. सुनेचा : नळाला दुपारी पाणी आले आणि खालच्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींनी हाक मारून सांगितले. मुलाचा : आज साहेब रजेवर होता. यावर घरात वाद झाला, की साहेबाची रजा हा शुक्र धरायचा की नाही. धरला.

आजीबाईंना मी खाला म्हणतो. त्यांचे वय सदुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. त्यांचा शुक्र मात्र रोज एकच असे : "अल्लाने सेहत दिली." वडीलधाऱ्या म्हणून त्यांना नियम लागू नव्हते. २०२४ सालच्या रमजानात, तो मार्च-एप्रिलमध्ये होता, तेरा वर्षांच्या नातीने हरकत घेतली. "दादी, रोज तेच चालणार नाही. आजचं सांग." खाला रागावल्या, पण दुसऱ्या दिवसापासून आजचे सांगू लागल्या. नवव्या की दहाव्या रोज्याला त्या म्हणाल्या, "आज दुपारी दरदरून घाम आला. हात असा थरथरला की तसबीह खाली पडली. पण मी पडले नाही. अल्लाचा शुक्र."

सगळ्यांनी मान डोलावली. सुनेने डोलावली नाही. तिचे वडीलही मधुमेही होते आणि घाम, थरथर, दुपारची वेळ हे तिने माहेरी पाहिले होते. रात्री नऊ वाजता ती सासूला घेऊन माझ्याकडे आली.

मी विचारले, "खाला, कशा आहात?"

"अल्लाचा शुक्र आहे, डॉक्टरसाहेब. कायपण नाही."

हे उत्तर मी रोज वीस वेळा ऐकतो. निम्मे पेशंट अल्लाचे नाव घेतात, निम्मे देवाची कृपा म्हणतात. हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण त्या उत्तरावरून औषध देता येत नाही. म्हणून मी असा प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतो. "काल दुपारी चार वाजता काय करत होता?" "पडून होते." "परवा?" "पडूनच." "रोज चारला पडून असता?" तेव्हा त्या म्हणाल्या, "डोळ्यांपुढं काळोखी येते ना, म्हणून."

म्हणजे साखर उतरण्याचा प्रकार रोज दुपारी होत होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. पडून राहणे हा त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय होता.

घडत होते ते असे. खाला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या घेतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. एरवी ही गोळी न्याहारीआधी घेतली की मागोमाग न्याहारी, मग दुपारचे जेवण. रमजानात त्यांनी तीच गोळी, तेवढीच, सहरीला घेतली आणि वर अर्धी तांदळाची भाकरी खाल्ली, कारण पहाटे घास उतरत नाही. पुढे तेरा-साडेतेरा तास काही नाही. गोळीचे काम मात्र चालूच. त्यात रक्त तपासले तर क्रिएटिनिन १.७, म्हणजे मूत्रपिंड थकलेले. अशा वेळी गोळीचा अंमल शरीरात रेंगाळतो. मेटफॉर्मिन एकटी असती तर साखर इतकी उतरली नसती. तिचा दोष वेगळा, थकलेल्या मूत्रपिंडाला तिची मात्राही कमी करावी लागते. गोळी एकच, पण घेण्याची वेळ आणि जेवणाची वेळ यांची फारकत झाली की तीच गोळी घात करते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नातीने घरच्या यंत्रावर बोटातून रक्त काढून तपासले. ५८. तिने फोन केला. सत्तरच्या खाली आकडा गेला की त्याच क्षणी रोजा सोडायचा, यात दुमत नाही. मी सांगितले, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आत्ता दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. फोनवर मला खालांचा आवाज ऐकू येत होता. "अडीच तास राहिलेत, अडीच तास." त्यांनी पाणी प्यायले ते रडत रडत.

इथे थांबून आकड्यांबद्दल बोलले पाहिजे, कारण काही वाचक म्हणतील की एखाद्या आजीबाईंचे उदाहरण घेऊन डॉक्टर घाबरवतात. तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या मधुमेहाच्या, पेशंटांपैकी जवळजवळ ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे केले होते. आणि साखर गंभीरपणे उतरण्याचे, म्हणजे इस्पितळ लागण्याचे, प्रमाण त्या महिन्यात एरवीच्या साडेसात पट झाले होते. मूळ प्रमाण कमी होते, शंभरात महिन्याला अर्ध्याहून कमी घटना. ते तीनपर्यंत गेले. तेव्हा रोजा धरणारा प्रत्येक मधुमेही बेशुद्ध पडतो असे मुळीच नाही. पुष्कळांना रोजे नीट झेपतात, गोळ्या बदलल्या तर आणखी पुष्कळांना झेपतात. झेपत नाहीत ते कोण, हे आधी शोधावे लागते.

खालांसारख्या पेशंटला, वय सदुसष्ट, मूत्रपिंड थकलेले, साखर वारंवार उतरणारी, रोजे करू नका असेच सांगावे लागते. ते मी सांगितले. त्यांनी ऐकले नाही. मी हिंदू डॉक्टर, मी रोजा सोडा म्हणणारच, असे त्यांना वाटले असेल तर त्यात गैर काय? धर्माच्या गोष्टी मी धर्माच्या जाणकाराकडे सोपवतो. मुलाने राबोडीतल्या आपल्या ओळखीच्या मौलानांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते मला मुलानेच येऊन सांगितले, आणि ते मला इतके मोलाचे वाटते की गेली दोन वर्षे मी ते प्रत्येक पेशंटला सांगतो. कुराणातल्या सूरह बकराच्या ज्या आयतीत रमजानच्या रोज्यांची आज्ञा आहे, १८५ वी, त्याच आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत आहे. ईश्वराला तुमच्यासाठी सोपे करायचे आहे, अवघड नव्हे, अशा अर्थाचे सांगणेही तिथेच आहे. आणि त्या आयतीचा शेवट कृतज्ञतेने होतो. म्हणजे रोजा, आजाऱ्याची सवलत आणि शुक्र या तिन्ही गोष्टी एकाच आयतीत आहेत. पुढे बरे होऊन रोजे भरून काढण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, हा फिद्याचा मार्ग आहे. मौलाना म्हणाले, सवलत नाकारणे म्हणजे दिलेली भेट परत करण्यासारखे आहे.

खाला तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग समोरच्या इमारतीच्या बांधकामावरच्या एका मजुराला रोज जेवण जाऊ लागले. संध्याकाळी त्या दस्तरखानावर पूर्वीसारख्याच बसू लागल्या, कारण शुक्र सांगायला रोजा असावाच लागतो असे कुठे आहे? पहिल्या संध्याकाळी त्या काही बोलल्या नाहीत. काही दिवसांनी म्हणाल्या, "आज चारला मी बसून होते."

आता माझे मत. अलीकडे कृतज्ञतेचा बाजार फार तेजीत आहे. मॉलमध्ये कृतज्ञतेच्या डायऱ्या मिळतात. मोबाईलवर सकाळी सहाला सूर्याच्या चित्राखाली आभाराचे संदेश येतात, आणि ते पाठवणारी मंडळी मॉर्निंग वॉकला गेलेली नसतात. रोज आभार माना, रक्तदाब जाईल, साखर जाईल, असे सांगणारे व्याख्यातेही गावोगाव आहेत. हे खरे नाही. अमेरिकेत एमन्स आणि मॅकलो या दोघा मानसशास्त्रज्ञांचे या विषयावरचे गाजलेले संशोधन २००३ सालचे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेसे वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या, तर दुसऱ्या गटाला कटकटी लिहायला लावल्या. आभार लिहिणाऱ्यांच्या शारीरिक तक्रारी कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा कमी निघाल्या. स्नायूंच्या जुन्या आजाराच्या पेशंटांनी एकवीस दिवस रोज आभार लिहिले, तेव्हा आपल्याला झोप अधिक लागते असे त्यांनी सांगितले. चांगली गोष्ट आहे. पण २०२१ साली अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात उदासपणा आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम फारच थोडा दिसला. औषधाच्या जागी ती चालणार नाही. गोळी ती गोळीच.

मग या घरातला रिवाज मला इतका का आवडतो? तर त्या तीन नियमांमुळे. "अल्लाने सेहत दिली", "देवाच्या कृपेने सगळं बरं" हे आभार मोघम आहेत. ते पांघरुणासारखे वापरता येतात, आत काय आहे ते दिसत नाही. आजचेच सांगायचे म्हटले की माणसाला आपला दिवस आठवावा लागतो. दिवस आठवला की दुपारचा घाम आठवतो, पायाची सूज आठवते, जिना चढताना थांबावे लागले ते आठवते. खालांनी घामाची तक्रार केली नव्हती. केलीही नसती, पवित्र महिन्यात तक्रार करणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांनी आभारच मानले, पण खरेखुरे मानले, आणि त्यातून आजार बाहेर आला. दवाखान्यात वीस मिनिटे प्रश्न विचारून जे कळत नाही ते दस्तरखानावर एका वाक्यात कळले.

तिसऱ्या नियमाबद्दल आणखी थोडे. कृतज्ञता या शब्दाची मला एका कारणाने भीतीही वाटते. आपल्याकडे ती नेहमी खालच्याने वरच्याबद्दल बाळगायची असते. सुनेने सासरचे उपकार मानावेत, नोकराने मालकाचे, पेशंटने डॉक्टरचे. रमजानात सहरीचा स्वयंपाक करायला तीन-साडेतीनला कोण उठते? इफ्तारची भांडी रात्री कोण घासते? त्या बाईची झोप चार-साडेचार तासांवर येते, आणि महिनाअखेर ती माझ्याकडे चक्कर आणि पाठदुखी घेऊन येते. रक्तात हिमोग्लोबिन नऊ. तिला कृतज्ञ राहा म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. या घरात माणसाचे नाव घ्यायचा नियम असल्यामुळे सुनेचे नाव रोज दोनदा तरी निघे, भाकरीसाठी, पाण्यासाठी, डब्यासाठी. दहा-बारा दिवस ऐकून ऐकून नवऱ्यालाच ओशाळल्यासारखे झाले असावे. तो फळे कापू लागला, रात्रीची भांडी नात आणि तो मिळून घासू लागले. त्या महिन्यात सून माझ्याकडे सासूला घेऊन आली तेवढीच, स्वतःसाठी आली नाही. नुसते नाव घेऊन भांडी आपोआप घासली जात नाहीत, हे कबूल. पण नावच घेतले नाही तर भांडी कोण घासतो हेही कोणाला दिसत नाही.

हिंदू वाचकांनी हे सगळे शेजाऱ्याचे म्हणून वाचून सोडून देऊ नये. नवरात्रात नऊ दिवस उपास करून सकाळची गोळी नेमाने घेणाऱ्या मधुमेही बायका मला दरवर्षी भेटतात. उलट प्रकारही भेटतो, एकादशी आणि दुप्पट खाशी, साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू, आणि साखर तीनशे. आणि मोघम आभारांत तर आपणही मागे नाही. आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन, कधी कोणाला त्रास न देणारे. महिन्याला येत, "छान चाललंय, परमेश्वराची कृपा" म्हणत, गोळ्या लिहून घेत आणि जात. पाय दाखवा म्हटले की "पायाला काय धाड भरलीय" म्हणून हसत. एका पावसाळ्यात पत्नीने त्यांना जवळजवळ ओढत आणले. चपलेच्या अंगठ्याने झालेली जखम तीन आठवड्यांची होती. पायाच्या नसा बधिर झाल्यामुळे दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणून ते परमेश्वराचे आभार मानत होते. अंगठा काढावा लागला. शाळेत डबा उघडण्यापूर्वी मुलांकडून श्लोक म्हणवून घेणारा हा माणूस. अन्नाचे आभार त्यांनी जन्मभर मानले, पायाकडे मात्र पाहिले नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. घरात आभार मानायचा रिवाज असेल तर तो आजच्या दिवसाचा ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यातून सूट देऊ नका. त्यांनी "सगळं बरं" म्हटले की नातवंडांनी विचारावे, आज काय बरं? मुले असे प्रश्न विचारतात तेव्हा आजी-आजोबा रागावतात, पण उत्तर देतात. मला देत नाहीत.

रोजे धरणाऱ्या मधुमेही वाचकांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, पण तपासणे टाळू नका. सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर आकडा गेला, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले, तर रोजा तिथेच सोडायचा, मगरीबला दहा मिनिटे उरली असली तरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये, श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. सहरी वेळ संपत आली की शेवटी खावी आणि ती चहा-बिस्किटावर उरकू नये. भाकरी, डाळ, अंडे, दही असे रेंगाळत पचणारे असावे. इफ्तारला दोन खजूर पुरे. एका मध्यम खजुरात चमचा-दीड चमचा साखर असते, आणि पुढे सरबताचा पेला असतोच. खजूर-पाणी घेऊन आधी नमाज आणि मग जेवण, ही जुनी पद्धत पोटाच्या दृष्टीने उत्तम आहे. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे पेशंट, मधुमेही गरोदर बायका यांनी स्वतःच्या मनाने ठरवू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी होणारी गोळी असेल तर तीही डॉक्टरला दाखवावी.

आणि हे सारे विचारायला रमजानचा चाँद दिसल्यावर येऊ नका. गोळ्या बदलून त्या अंगाला लागतात की नाही हे पाहायला सहा ते आठ आठवडे हवेत. चांद्रवर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. मी दवाखाना सुरू केला तेव्हा तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येत असे. मग तो पावसाळ्यातून, मे-जूनच्या उन्हाळ्यातून फिरत आता पुन्हा थंडीकडे निघाला आहे. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. दिवस लहान होत आहेत, त्यामुळे काही पेशंटांना येत्या काही वर्षांत रोजे सोपे जातील, पण ते तपासूनच ठरवायचे. इंग्रजी तारखा लक्षात ठेवणे कठीण वाटत असेल तर हिजरी महिना लक्षात ठेवा. रजब लागला की या. २०२७ सालचा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याचा अंदाज आहे, म्हणजे रजब डिसेंबर २०२६ च्या मध्याच्या सुमारास लागेल. येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणा, क्रिएटिनिनचा जुना कागद असेल तर तो आणा, आणि सोबत घरातले एखादे चौकस नातवंड आणा.